जाहिरात फंड लातूरचा, जाहिरात त्यांची

चहाची फ्रँचायझी घेताना माणूस फ्रँचायझी फी, डिपॉझिट आणि रॉयल्टीवर घासाघीस करतो. ‘मार्केटिंग फंड २ टक्के’ या ओळीवर कुणी थांबत नाही. म्हणून हे लिहितोय.

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं चहा-नाश्त्याचं आउटलेट आहे. कंपनी पुण्याची, नाव घेत नाही. सगळे फ्रँचायझीवाले विक्रीच्या २ टक्के एका सामायिक फंडात भरतात, त्यातून सगळ्यांची जाहिरात होते, असं सांगितलं होतं. कल्पना वाईट नाही. गणपतीच्या वर्गणीसारखीच आहे. फक्त मंडळाला हिशेब फळ्यावर लावावा लागतो.

हे २ टक्के नफ्याचे नाहीत, ग्रॉस सेलचे. महिन्याला ३ लाखांची विक्री झाली की ६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १,०८०. आमच्या धंद्याला ५ टक्क्यांचा जीएसटी, त्यात इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही, म्हणून ते १,०८० अंगावरच बसतात. डिलिव्हरी अ‍ॅपनं २०० च्या ऑर्डरवर कमिशन कापलं तरी फंड २०० वरच. मे महिन्यात मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा झाली की ट्यूशन एरिया ओस पडतो. दुकान तोट्यात गेलं तरी फंड सुटत नाही.

दिवाळीआधी ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. आत फ्लेक्स. मधोमध पिवळ्या अक्षरांत ‘फ्रँचायझीसाठी संपर्क’, खाली पुण्याचा मोबाईल नंबर, एकेक आकडा तळहाताएवढा. चहाचा कप कोपऱ्यात, माझ्या दुकानाचा पत्ता कुठंच नाही. सोबत फ्लेक्सचं वेगळं बिल! एरिया मॅनेजरला फोन केला तर म्हणे, “सर, ब्रँड मोठा झाला की फायदा तुमचाच ना.” इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीही तशाच, ‘आजच फ्रँचायझी घ्या’. म्हणजे माझ्या पैशातून गिऱ्हाईक नाही, माझ्याच गावात दुसरं दुकान काढणारा शोधला जात होता. बार्शी रोडला ते निघालंही.

हिशेब मागितला तर अर्ध्या पानाचा तक्ता आला: डिजिटल, ब्रँडिंग, प्रशासकीय खर्च. बिल एकही नाही. नांदेड आणि परभणीच्या फ्रँचायझीवाल्यांनाही तोच तक्ता. करारात लिहिलंय की खर्च कुठं करायचा हे कंपनी ठरवेल. कंपनीच्या स्वतःच्या आउटलेटनी फंडात काही भरायचं, असं त्यात कुठंच नाही.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार फ्रँचायझी विकण्याआधी किमान १४ दिवस कंपनीला खुलासापत्र द्यावं लागतं. कंपनीची आउटलेट फंडात भरतात का, तुमच्या भागात खर्च करणं बंधनकारक आहे का, ऑडिट होतं का, नवीन फ्रँचायझी विकायला फंडातले किती टक्के जातात, हे सगळं त्यात असतं. आपल्याकडं फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. कागदावर आहे तेवढंच तुमचं. म्हणून हेच प्रश्न सहीआधी विचारा आणि उत्तरं करारात लिहून घ्या. फंडाचं बँक खातं वेगळं हवं, वर्षाला सीएनं तपासलेला हिशेब हवा, आणि टक्केवारी कमिशन वजा करून उरलेल्या विक्रीवर हवी. “आमचा करार स्टँडर्ड आहे, बदलत नाही” म्हणाले तर मी तरी पुढं बोलणार नाही.

मी फंड भरणं थांबवलं, तर त्यांनी तो डिपॉझिटमधून वळता करून घेतला आणि मसाल्याचं पार्सल अडवलं. मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन, आणि वाद झाला तर लवाद पुण्यात. आता आम्ही कंपनीला नोटीस देतोय, तिच्यावर नांदेड-परभणीचे दोघंही सही करतायत. आणखी कुणाकडं तो अर्ध्या पानाचा तक्ता आला असेल तर फेकू नका, बँक स्टेटमेंटसकट जपून ठेवा.