डोब्युटामिन स्ट्रेस इको: पणजीतल्या केंद्राचा अनुभव

आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ट्रेडमिलचा प्रश्नच नव्हता. औषध देऊन हृदयाची स्ट्रेस तपासणी (हृदयावर ताण आणून ते कसं चालतं ते बघणं) करा, असं आमच्या फोंड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी एका ठिकाणी फोन केला. दर सांगितला, वेळ दिली, बाकी विचारपूस शून्य. तिथे अ‍ॅडेनोसिन नावाचं औषध देऊन हृदयाचा स्कॅन करतात. आईला दमा आहे हे मीच सांगितलं, तर उत्तर आलं, "आल्यावर बघू." अ‍ॅडेनोसिनने दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसू शकतात. मला राग आला तो याचा. औषध वाईट नाही, त्याचा असर काही सेकंदांत ओसरतो. पण २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) याच औषधाबद्दल आणि तशाच रेगाडेनोसॉन या औषधाबद्दल हार्ट अटॅक व मृत्यूच्या क्वचित घडणाऱ्या धोक्याचा इशारा दिला होता. म्हणून आधी विचारणं महत्त्वाचं.

पणजीच्या केंद्रातल्या बाईंनी फोनवरच सगळं विचारलं: दमा, काचबिंदू, झडपेचा आजार, हल्ली बसल्या जागी छातीत दुखलं का, गोळ्या कुठल्या. मेटोप्रोलॉल, म्हणजे ठोके कमी ठेवणारी गोळी, कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून कळवलं, आणि "मनाने बंद करू नका" असं बजावलंही.

मला आत बसू दिलं. इथे ठोके वाढवणारं डोब्युटामिन देतात आणि सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. औषध पंपातून थेंबाथेंबाने जातं, दर ३ मिनिटांनी मात्रा वाढते. आईचं वय ६८, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके २२० वजा ६८, त्याचे ८५ टक्के: साधारण १२९ ठोक्यांपर्यंत न्यायचं. डॉक्टर स्वतः सोनोग्राफीचा प्रोब छातीवर धरून होते, नजर पडद्यावर. नर्स प्रत्येक टप्प्याला बीपी मोठ्याने वाचत होती. डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले तर शॉक देणारं यंत्र) चालू, आणि ट्रेमध्ये ठोके उतरवणाऱ्या औषधाची सिरिंज, वर नाव लिहून, भरून ठेवलेली. ती सिरिंज बघून माझा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या मात्रेला आई म्हणाली, "काळीज कसं धडधडतंय गो!" डॉक्टर लगेच म्हणाले, "मावशी, हे औषधानेच होतंय. छातीत दुखतंय का, तेवढं सांगा." पंप बंद केल्यावर थोड्याच वेळात ठोके उतरू लागले. या औषधाचं अर्धायुष्यच, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, २ मिनिटांच्या आसपास आहे. तरी नाडी पूर्ववत होईपर्यंत ईसीजीच्या तारा काढल्या नाहीत.

तक्रार एकच. खोलीत एसी फार गार, आईला शाल हवी होती, ती मागावी लागली. रिपोर्टही संध्याकाळी मिळाला. फोंडा, सावर्ड्याकडून येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी, म्हणजे उपाशी पोटी फार वेळ काढावा लागत नाही.