आर आन लीफलेटनं टचवाला नकाशा: दोन पावसाळे वापरून मग लिहितोय

आधीच सांगतो, मी काय प्रोग्रामर नाही. बीएस्सी अ‍ॅग्री झालेलं, लातूरकडं एका छोट्या शेतकरी गटाचं कागदपत्राचं काम बघतो, लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅमवाला, त्यात पण एक की दाबली की दोनदा उमटते. तरी बी दोन पावसाळे झाले आर नावाची प्रोग्रामिंगची भाषा वापरायलोय आन त्यातलं नकाशे करायचं लीफलेट नावाचं पॅकेज, म्हणजे वरून जोडायचा तयार कोड, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, कारण मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं.

गरज कुठून पडली ते आधी. पावसाळ्यात रोज सकाळी महसूल मंडळाप्रमाणं पावसाचे आकडे येतात, लांबच लांब यादी, बारीक अक्षरं, आन ग्रुपवर लगेच सुरू होतं, आपल्या मंडळात किती, बाजूच्या मंडळात किती. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, चोवीस तासात मंडळात ६५ मिलिमीटर किंवा जास्त पडला की अतिवृष्टी धरतात आन मग पंचनाम्याची गोष्ट निघते. त्यामुळं इथं एकेका मिलिमीटरवर भांडण असतं. यादीचा स्क्रीनशॉट टाकला तर कुणी झूम करून बघत नाही, फोनच करतात. मला पाहिजे होता असा नकाशा की आपल्या मंडळावर बोट ठेवलं की आकडा वर आला पाहिजे, बस.

आर फुकट आहे, आर स्टुडिओची साधी आवृत्ती पण फुकट. आर हे मुळात सांख्यिकीसाठी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी काढलेलं, आन लीफलेट ही वेबसाइटवर नकाशे दाखवायची जावास्क्रिप्टची लायब्ररी, ती २०११ मध्ये आली. आर मधलं पॅकेज एवढंच करतं की तुम्ही आर मध्ये लिहा, जावास्क्रिप्ट ते स्वतः लिहून घेतं. सीमांची फाइल वाचायला एसएफ हे दुसरं पॅकेज लागतं. फाइल वाचा, पावसाचा तक्ता जोडा, लीफलेट, अ‍ॅडटाइल्स, अ‍ॅडपॉलिगॉन्स, ह्या आज्ञा द्या, पॉपअपमध्ये, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या डब्यात, काय दिसायला पाहिजे ते लिहा, झालं. खरंच दहा-बारा ओळी. पहिल्यांदा औश्यावर क्लिक केलं आन पांढरा डबा उघडून त्यात नाव आन आकडा दिसला तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो होतो.

पण हे दहा ओळींचं कौतुक ऐकून कुणी उडी मारू नका, कारण खरी हमाली त्याच्या आधी आहे.

सगळ्यात आधी सीमांची फाइल. मागितली तर एका कार्यालयातून मला नुसती डॉट एसएचपी पाठवली, एकच फाइल, आन वर मोठ्या तोऱ्यात की घ्या शेपफाइल, म्हणजे सीमा साठवायचा जुना फॉरमॅट. अहो शेपफाइल म्हणजे एक फाइल नसतेच, तिच्यासोबत एसएचएक्स आन डीबीएफ लागतेच, आन पीआरजे नसली तर आकडे कोणत्या मोजणीतले ते कळत नाही. डीबीएफमध्येच तर नावं असतात! दुसऱ्या वेळी चारही आल्या तर त्यात कॉलमची नावं दहा अक्षरांवर कापलेली, ती त्या जुन्या फॉरमॅटचीच मर्यादा आहे, कुणाचा दोष नाही. माझं ऐकाल तर एकदा वाचून झालं की जिओपॅकेज नावाच्या नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून टाका आन शेपफाइलला राम राम.

मग नावं. हे लई बेकार काम आहे. जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, बाकी कागदात वेगळं, धाराशिव कुठं उस्मानाबाद, गेवराईचे तर दोन-तीन प्रकार. आन शिरूर! लातूरला शिरूर अनंतपाळ, बीडला शिरूर कासार, पुण्याकडं नुसतं शिरूर. कुणीतरी यादीत फक्त शिरूर लिहिलं आन मी नावावरून तक्ता जोडला, तर बीडचा पाऊस आमच्या शिरूर अनंतपाळवर येऊन पडला. तेव्हापासून नावावरून जोडणं बंद, कोड नंबरवरूनच जोडतो. त्यात पण एक्सेल कोडच्या आधीचा शून्य खाऊन टाकतं, म्हणून तो कॉलम अक्षर म्हणूनच वाचायचा, आकडा म्हणून नाही.

माझी स्वतःची चूक पण सांगतो. पर्जन्यमापकाच्या जागा ठिपक्यानं दाखवायच्या होत्या, गूगलवरून अक्षांश-रेखांश कॉपी केले आन तसेच टाकले. नकाशा उघडला तर मराठवाडा कोरा, एक पण ठिपका नाही. अर्धा तास डोकं खाजवलं, शेवटी झूम आउट करत करत गेलो तर सगळे ठिपके पार नॉर्वेच्या वर, स्वालबार्ड बेटांच्या जवळ बर्फाच्या समुद्रात. झालं काय की गूगल आधी अक्षांश देतं मग रेखांश, आरमधलं लीफलेट आधी रेखांश मागतं. लातूर आहे साधारण १८.४ उत्तर ७६.६ पूर्व, उलटं केलं की ७६.६ उत्तर, म्हणजे ध्रुवाच्या शेजारी. एप्रिलमध्ये लातूरच्या माणसाला ते वाईट पण नाही म्हणा.

मराठी नावांचं विचाराल तर आता अडचण नाही. आधी विंडोजवर ल च्या जागी यू प्लस ०९३२ असलं काहीतरी यायचं, मित्राच्या कॉम्प्युटरवर जुनं आर होतं तिथं मी बघितलंय. २०२२ ला आर ४.२ आलं त्यात विंडोज १० वर युनिकोड सरळ चालायला लागलं. म्हणून जुनं आर असेल तर आधी ते बदला. तसंच यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून शिकायला बसू नका, त्यात नकाशाच्या फाइली वाचायचं आरजीडाल नावाचं पॅकेज असतं, ते २०२३ मध्येच बंद करून टाकलंय, तुम्ही इन्स्टॉल करत बसाल आन ते होणार नाही.

फाइलचं वजन हा अजून एक विषय. सेव्हविजेट ही आज्ञा दिली की सगळं एका एचटीएमएल फाइलमध्ये येतं, ती सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येते, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पण सीमेचा प्रत्येक वळसा त्यात गेला तर फाइल एवढी जड होते की साध्या फोनला घाम फुटतो. सीमा थोड्या सोप्या कराव्या लागतात. एसएफमधलं सिम्प्लिफाय वापरलं तर एकेक मंडळ वेगळं कापलं जातं आन दोन मंडळांच्या मधी फटी पडतात, बांध कोरल्यासारख्या. आरमॅपशेपर म्हणून पॅकेज आहे ते सामायिक बांध एकच धरतं, तेच वापरा. रानात रेंज गेली तर मागचं रस्त्या-गावांचं चित्र येत नाही कारण ते ओपनस्ट्रीटमॅपवरून येतं, पण मंडळं आन पॉपअप चालतात. काही फोनमध्ये फाइल कोरी दिसते, क्रोममध्ये उघडा म्हणावं लागतं, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतोच.

आन लेबल नका ठेवू, पॉपअप ठेवा. लेबल माउस वर नेला की दिसतं, फोनला माउस कुठाय.

टीमॅप, मॅपव्ह्यू ही आरमधली नकाशाची दुसरी पॅकेजं पण बघितली. मॅपव्ह्यू झटपट बघायला भारी, एका ओळीत काम. टीमॅपची नवी आवृत्ती आली तेव्हा माझा जुना कोड लाल-निळ्या सूचना द्यायला लागला, म्हणून सोडलं. एकच नकाशा एकदाच करायचा असेल तर आरच्या नादी लागू नका, क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करून टाका. रोज सकाळी तोच नकाशा नव्या आकड्यांनी पाहिजे असेल तर मात्र आरला तोड नाही, मी आता चहा पिता पिता नवी फाइल टाकतो, रन दाबतो, ग्रुपवर पाठवतो.

आता रंगाचं, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती तिथंच झाली. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते शून्य, वीस, चाळीस, साठ, ऐंशी असे गट पाडतं. म्हणजे ६१ वाला आन ७९ वाला एकाच रंगात. इथं ६५ ला सगळं अडलेलं आन नकाशात ६५ ची रेघच नाही! म्हणून कलरबिनला, म्हणजे रंगाचे गट पाडणाऱ्या आज्ञेला, गट आपण द्यायचे, मी ६५ च्या खाली पिवळा आन वर लाल केला. क्वांटाइलवाले रंग, म्हणजे प्रत्येक रंगात सारखीच मंडळं बसवणारे, तर पावसाला वापरूच नका, सगळीकडं भुरभुर झाली तरी चार मंडळं लालभडक दाखवतं आन लोक फोन करायला लागतात.

तर गट नीट केले, पण पॉपअपमध्ये आकडा सुबक दिसावा म्हणून मी राउंड लावला होता, म्हणजे दशांश काढून पूर्ण आकडा. सप्टेंबरात एका सकाळी नकाशा टाकला आन दहा मिनिटात आमच्या चुलत्याचा फोन, ते गटात सगळ्यात जुने.

"काय रं, आपल्या मंडळावर बोट ठेवलं तर पासष्ट दावायलंय, मग रंग पिवळाच कामून?"

मी म्हटलं काका थांबा बघतो. मूळ फाइल उघडली तर आकडा ६४.६. रंग खऱ्या आकड्यावर लागलेला, पॉपअप राउंड करून ६५ झालेला. काका ऐकेनात, त्यांनी तोवर तो स्क्रीनशॉट चार ग्रुपवर टाकलेला आन दोघंजण तलाठ्याकडं निघालेले. दुपारपर्यंत मी सगळ्यांना समजावत बसलो. त्या दिवशी मला कळलं की रंग काही सांगत नाही, लोक क्लिक करून जो आकडा बघतात तोच कागद समजतात. आता एक दशांश ठेवतो, खाली आकड्याची तारीख आन वेळ पण लिहितो.

संध्याकाळी काका घरी आले, दुरुस्त केलेला नकाशा फोनवर उघडून दिला. मंडळावर बोट ठेवलं, ६४.६ आलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आन म्हणाले, "बरं, मग हे पॉइंट चार कुणाच्या रानात पडलं ते तुझ्या मशीनला इचार."