हॅन सोलोच्या मागे 24,340 रुपये गेले, जुने फंको पॉप घेणाऱ्यांनी हे वाचा

लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. घरात नवरा सोडून कोणाला सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. मी अकाउंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, कोणाला तोंडाने सांगू की मी खोट्या बिलावर पैसे भरले म्हणून. पण मला फसवणारा तो माणूस अजून माल विकतोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

2016 पासून पॉप, म्हणजे फंको कंपनीच्या मोठ्या डोक्याच्या छोट्या बाहुल्या, जमवतेय, सगळे स्टार वॉर्सचेच. आज 63 आहेत, सगळ्यांचे बॉक्सही जपून ठेवलेत. म्हणजे मी नवखी नाही हे आधीच सांगते, कारण प्रत्येक जण हेच म्हणतो की नवीन असशील म्हणून फसलीस. 2011 ची पहिली सिरीज पूर्ण करायची होती. बॉक्सवरच्या नंबरांप्रमाणे 01 व्हेडर, 02 योडा, 04 लिया, 05 स्टॉर्मट्रूपर, 06 च्युबाका हे सगळे हळूहळू मिळाले, अडलं होतं ते 03 हॅन सोलोवर. तो कधीचाच वॉल्टेड आहे, म्हणजे कंपनीने बनवणं बंद केलंय, कोणाकडे असला तरी सोडत नाहीत. आणि 07 ग्रीडोपण हवा होता, दोघांना शेल्फवर समोरासमोर ठेवायचं होतं, 1977 च्या पिक्चरमध्ये कँटिनात बसलेत तसं. (तेव्हा हॅननेच गोळी झाडली होती, 1997 च्या एडिशनमध्ये ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली ते मला आजही पटलेलं नाही.)

एका कलेक्टर ग्रुपवर या माणसाने दोन्ही टाकले. हॅन सोलो 14,500, ग्रीडो 6,000, दोन्ही घेतले तर 19,000. खाली तिघांनी लगेच ‘लेजिट सेलर, माझी डील झालीय’ असं लिहिलं. आता बघितलं तर तिघांची अकाउंट्स एकाच महिन्यातली आणि तिघांनी ‘लेजिट’चं स्पेलिंग चुकीचंच आणि एकसारखंच लिहिलंय. हे तेव्हा का नाही बघितलं? कारण हॅन सोलो दिसला, दुसरं काय.

तरी मी व्हिडिओ मागितला होता. माझं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून, शेजारी दोन्ही पॉप बॉक्सबाहेर काढून. त्याने अर्ध्या तासात पाठवला. निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग, माझ्या नावाची चिठ्ठी, सगळं बरोबर. त्यात एका क्षणी तो हॅन सोलो उचलतो आणि टेबलावर टक्कन ठेवतो. आणि डोकं हलत नाही.

हे मी आता शंभर वेळा बघितलंय. डोकं हलत नाही! स्टार वॉर्सच्या ॲक्शन फिगरचे हक्क हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे आहेत, म्हणून फंकोचे स्टार वॉर्स पॉप हे बॉबलहेड असतात, मानेत स्प्रिंग असते, नुसता टेबलाला धक्का लागला तरी डोकं डुलतं. बाकीच्या बऱ्याच पिक्चरच्या पॉपचं डोकं फक्त फिरतं, यांचं डुलतं. माझ्या शेल्फखालून वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरायला लागला की 63 डोकी हलतात, रोज बघते मी. आणि तो व्हिडिओ मी रात्री बारा वाजता अंथरुणात मोबाईलवर बघितला, चिठ्ठीवरचं नाव तपासलं, तारीख तपासली आणि डोक्याकडे बघितलंच नाही. नऊ वर्षं जमवून मला एवढंही दिसू नये याचा राग पैसे गेल्याच्या रागापेक्षा जास्त आहे.

9,500 ॲडव्हान्स, यूपीआयने. चार दिवसांनी पाठवण्याआधी म्हणून उरलेले 9,500. मग म्हणाला माल दुबईला भावाकडे आहे, भाऊ कुरिअर करतोय, कस्टमला अडकलाय, ड्युटी भरा. आणि बिल पाठवलं 5,340 रुपयांचं. इथे लोक म्हणतील की आता तरी कळायला हवं होतं. अहो, पण खेळण्यांवरची ड्युटी 2020 ला 20 ची 60 टक्के झाली आणि 2023 ला 70, हे मला तोंडपाठ आहे, बाहेरून मागवताना मी स्वतः भरलीय. बिलात दर 70 टक्केच लिहिला होता, म्हणूनच विश्वास बसला. फक्त एक विचारायचं राहिलं, की माल दुबईला होता तर व्हिडिओतली चिठ्ठी अर्ध्या तासात कोणी लिहिली. दुसरं म्हणजे ड्युटी कुरिअर कंपनीमार्फत नाहीतर पोस्टात भरतात, पावती मिळते, कोणाच्या पर्सनल यूपीआयवर कधीच नाही. कधीच नाही.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. साधं देशातलं कुरिअर, कस्टमचं लेबल नाही काही नाही. आत दोन्ही डुप्लिकेट. बॉक्सवरची छपाई फिकी, केसांचा तपकिरी रंग कानावर उतरलेला. खऱ्या पॉपच्या बॉक्सखाली कोड असतो आणि तोच पायावर नाहीतर मानेवर छापलेला असतो, इथे पायाखाली कोरी करकरीत जागा. मेसेज केला, ब्लॉक.

आणि आता पुढचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर पहिला प्रश्न, बाहुल्यांना चोवीस हजार? दोघं-तिघं हसले. मग म्हणे मॅडम, वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं खोटी वस्तू दिली आणि कस्टमचं खोटं बिल दाखवून पैसे काढले, ही फसवणूक नाही तर काय आहे, न्याय संहितेचं 318 कलम लागतं, आपलं जुनं 420. तर म्हणे तो माणूस आमच्या हद्दीत नाही. अहो झिरो एफआयआर म्हणजे काय मग, हद्द नसली तरी नोंद घ्यावीच लागते! शेवटी अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर साहेब आल्यावर. तीन चकरा झाल्या, साहेब आलेले नाहीत. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. समोरच्या खात्याचं नाव, नंबर, सगळं बँकेला दिसतंय, ते खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. आणि पोलीस म्हणतात बँकेकडून लेखी आणा. हाफ डे टाकून टाकून मी या दोन काउंटरमध्ये फिरतेय आणि तो तिकडे त्याच खात्यावर दुसऱ्यांचे पैसे घेतोय.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तेव्हा पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. मी पार्सलची वाट बघत अकरा दिवस घालवले. तुम्ही घालवू नका. संशय आला की आधी फोन, नंतर त्या माणसाशी वाद. चॅट डिलीट करू नका, त्याने त्याचे मेसेज डिलीट करायच्या आत स्क्रीनशॉट काढा. व्हिडिओ मागाल तर मानेला बोट लावून दाखवायला सांगा आणि पायाखालचा कोड क्लोज-अपमध्ये. शक्यतो हातोहात घ्या, नाहीतर सोडा, 03 नंबर नसला तर नसला.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तोच निळा टेबलक्लॉथ दिसला, तोच इस्त्रीचा डाग, सेलरचं नाव नवीन, किंमत 16,000. खाली एका कॉलेजच्या मुलाने ‘घेतला’ लिहिलं होतं. त्याला मेसेज करून नंबर घेतला, फोन केला. 8,000 भरून चार तास झाले होते. माझा फोन ठेवायला लावून तिथूनच 1930 लावायला सांगितलं त्याला, तक्रार नोंदवून नंबर मिळालाय म्हणाला.