दहाचाकीला टायर घेताना: रिब, लग की मधली नक्षी?

ऊस किंवा खडी ओढणाऱ्या गाडीला दहाही चाकांना लग, म्हणजे उंच गट्ट्यांच्या नक्षीचे टायर, चढवायची सवय महागात पडते. तीस किलोमीटरच्या खेपेत फडातली वाट जेमतेम अर्धा किलोमीटर असते, आणि उरलेल्या डांबरावर तेच उंच गट्टे डिझेल पीत राहतात. शिवाय भरलेली गाडी फडातून ओढायला ट्रॅक्टर असतोच! तेव्हा १०.०० आर २० या मापात मिळणाऱ्या तीन नक्षींचा हिशेब आधी करावा.

रिब म्हणजे सरळ पट्टे. नवा असताना खाचा साधारण १५ मिमी. डांबरावर सर्वांत हलका चालतो आणि तापतो कमी. काळ्या मातीत मात्र खाचा एकदा लिंपल्या की चाक जागच्या जागी फिरतं.

लगच्या खाचा २० मिमीच्या आसपास, खांद्यापर्यंत (नक्षीच्या बाहेरच्या कडेपर्यंत) उघड्या. फिरता फिरता चाक चिखल झटकतं. खाणीत, धरणाच्या कामावर हाच हवा. पण उंच गट्टा प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि पुन्हा उभा राहतो. त्यातच डिझेल जातं आणि रबर तापतं. मे महिन्यात हवा कमी, माल जास्त आणि हायवेचा वेग असं जमून आलं की खांद्याकडून नक्षी सुटायला लागते. दुकानात याला ‘टायर फुगला’ म्हणतात. दोष बहुधा टायरचा नसतो, निवडीचा असतो.

या दोन्हींच्या मधली ती मिक्स. या नक्षीत मधले गट्टे एकमेकांना बांधलेले आणि खांदे उघडे असतात. पकड लगइतकी नाही, पण मुरमाच्या, खडीच्या रस्त्याला पुरते. मिशलिन घेणाऱ्यांनी नावच वाचावं: एक्स लाइन लांब पल्ल्याला, एक्स मल्टी जिल्हा-राज्य वाहतुकीला, एक्स वर्क्स कच्च्या-पक्क्या रस्त्याच्या कामाला. शेवटी झेड असेल तर कुठल्याही ॲक्सलला चालतो, डी असेल तर ओढत्या ॲक्सलसाठी.

आता पैशांचं. भरलेल्या ट्रकचं ढोबळमानाने एक तृतीयांश डिझेल टायर लोळवण्यातच जातं. लोळताना होणारा हा विरोध १० टक्के घटला तर सुमारे ३ टक्के डिझेल वाचतं. लिटरला ४ किलोमीटरचा ॲव्हरेज आणि महिन्याला ६,००० किलोमीटर धरले तर १,५०० लिटरमागे ४५ लिटर.

आमची पसंती: पुढे रिब, ओढत्या चाकांना मिक्स. टिप्परचे मागचे दोन्ही ॲक्सल ओढते असतील तर आठही मिक्स. एकच ओढता असेल तर मिक्स त्या चारांनाच, उरलेल्या चारांना रिब. निम्म्याहून जास्त अंतर कच्चं असेल तरच लग.

खरेदी करताना दुकानातच बोटाच्या पेराएवढी खडी खाचेत दाबून पाहा. खाचेच्या भिंती उतरत्या असतील आणि तळाशी रबराचे उंचवटे असतील तर खडी वर ढकलली जाते. भिंती उभ्या असतील तर ती तळाला जाऊन बसते, आणि मग प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत घुसत तारेच्या पट्ट्यापर्यंत पोचते. तिथून पाणी शिरलं की तार गंजते आणि केसिंग (नक्षीखालचा टायरचा सांगाडा) रिमोल्डच्या, म्हणजे नवी नक्षी चढवण्याच्या, कामातून जातं.

१६ प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या ताकदीचं माप) रेडियलवर, म्हणजे तारेच्या पट्ट्यांच्या टायरवर, १४६/१४३ के लिहिलेलं असतं: एकेरी चाकाला ३,००० किलो, जोडीत प्रत्येकी २,७२५. हे वजन थंड टायरमध्ये १२० पीएसआय हवा असेल तरच पेलतं. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा काढायची असेल तर भरायची सोय जवळ हवी. नळीचा टायर कमी हवेत रिंगवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात १२ मिमीहून जास्त फरक नको. टेपने घेर मोजा. फरक ३८ मिमीच्या आत असावा. नाहीतर मोठा टायर सगळा भार घेतो आणि लहान घासत जातो. नायलॉन (तिरप्या नायलॉन धाग्यांचा टायर) आणि रेडियल एका ॲक्सलवर कधीच नको.

मिक्सची खोड एकच. ओढत्या चाकांवर गट्टे करवतीसारखे झिजतात. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर कडा बोचते. बोचू लागली की टायर डावी-उजवीकडे बदलून फिरायची दिशा उलटी करावी. नक्षीवर बाण असेल तर मात्र हे करू नये. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालवता येतो, पण रिमोल्ड करायचा असेल तर ४ मिमीलाच उतरवा.