घरगुती सायक्लोन, वर्षभरानंतर: शंकू सोडा, पिंपाचं झाकण बघा

सायक्लोन, म्हणजे सुतारखान्यात ओढलेल्या हवेतून भुसा वेगळा करून खालच्या पिंपात पाडणारं यंत्र, बांधायचा म्हटलं की जो तो शंकूबद्दल विचारतो. उंची किती, व्यास किती, खालचं तोंड किती. अमळनेर, पारोळा, चोपडा इकडचे जे मिस्त्री माझं यंत्र बघायला आले, त्यांनी टेप काढून आधी शंकूच मोजला. खाली वाकून पिंपाचं झाकण कुणी पाहिलं नाही. वर्षभर रोज वापरल्यावर माझं मत असं झालंय की या यंत्राचं यश झाकणावर ठरतं, म्हणून इथेही झाकणाबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

सायक्लोन काय करतो ते तुम्हाला माहीत आहे असं धरतो. हवा कडेने आत शिरते, गोल फिरते, जड भुसा भिंतीला घासत शंकूतून पिंपात उतरतो आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. हे सगळीकडे लिहिलेलं असतं.

माझा पहिला सायक्लोन ऑनलाइन मिळणारा तयार प्लॅस्टिकचा होता, आणि तो घेण्याचं कारण एक भांडण होतं. त्याआधी ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर थेट राऊटरला, म्हणजे लाकडाला खोबण पाडणाऱ्या यंत्राला, जोडत होतो. वॉरंटीत असतानाच त्याची मोटर जळाली. सर्व्हिस सेंटरवाल्याने मशीन उघडून आतला पिवळा थर दाखवला आणि म्हणाला, लाकडाचा भुसा नेहमीच्या वापरात बसत नाही. मशीनच्या खोक्यावर मात्र लाकूड कापणाऱ्या माणसाचं चित्र छापलेलं! तो खोका मी काउंटरवर नेऊन ठेवला. उत्तर आलं, चित्र फक्त माहितीसाठी असतं. मोटरचे पैसे मीच भरले. त्या दिवशी ठरवलं की भुसा मोटरपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही.

तो प्लॅस्टिकचा सायक्लोन रंगाच्या २० लिटरच्या बादलीवर बसवला. राऊटर आणि सँडरसाठी (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र) तो आजही उत्तम आहे. फक्त बादली टिकली नाही. नळीत सागवानाची एक छिलपी आडवी अडकली आणि बादली आत चेपून तिचं झाकण उडालं. हिशेब केला तर त्यात नवल नाही. अशा व्हॅक्यूमवर ओढ १८ ते २० किलोपास्कल लिहिलेली असते. नळी पूर्ण बंद झाली की ३० सेंटीमीटर रुंदीच्या झाकणावर बाहेरची हवा सुमारे १४० किलोचा दाब टाकते. रंगाची बादली त्यासाठी बनवलेली नसते. आता तिथे जाड पत्र्याचा तेलाचा डबा आहे.

पण रंधा मशीन आणि टेबल सॉसाठी (टेबलात बसवलेली गोल करवत) व्हॅक्यूम पुरत नाही. तिथे ओढीपेक्षा हवा जास्त लागते. भुसा नळीत खाली न बसता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग मिनिटाला ४,००० फुटांच्या आसपास असावा लागतो. चार इंची नळीत त्या वेगाने मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीत ७८५. घरगुती व्हॅक्यूम याच्या जवळपासही जात नाही. म्हणून दोन एचपीचा ब्लोअर घेतला, सिंगल फेज, आणि त्याच्यासाठी पत्र्याचा मोठा सायक्लोन करून घ्यायचं ठरवलं.

इथे आपण खान्देशी लोक नशीबवान आहोत. जळगाव एमआयडीसीत फिरा, डाळ मिलच्या छपरांवर पत्र्याचे सायक्लोन उभे दिसतील. कापसाच्या जिनिंगमध्येही दिसतील. तुरीचं टरफल, चुनी, धूळ वेगळी करायला ते लागतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बाहेरदेशीचे हौशी सुतार प्लायवूड आणि प्लॅस्टिकचे पत्रे वाकवत बसतात, ती गोष्ट रोज करणारे कारागीर आपल्या जिल्ह्यात आहेत. मी अशाच एका जुन्या पत्रेवाल्या नानांकडे गेलो. त्यांनी माझा कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि खडूने फरशीवरच शंकूचा उलगडा काढून दाखवला. कंपास म्हणून सुतळी आणि खिळा. २२ गेजचा जीआय पत्रा, १५ इंची अंग, शंकूची उंची व्यासाच्या दीडपटीहून थोडी जास्त. हवा आत येण्याचं तोंड उभं आणि अरुंद ठेवलं, म्हणजे भुसा आत शिरताच भिंतीला चिकटून फिरतो. मधली नळी त्या तोंडाच्या खालच्या कडेपेक्षाही थोडी खाली उतरवली, नाहीतर आलेली हवा न फिरताच वर पळते. शंकूचं खालचं तोंड सहा इंच, कारण रंध्याची छिलपं चार इंचात पूल बांधून बसतात. पत्रा आणि मजुरी मिळून जे बिल झालं, ते तयार परदेशी यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होतं.

काम संपल्यावर नाना म्हणाले, "भाऊ, नरसायं कसं बी चाली. खाले हवा कथाईन येस ते पहिले देख." म्हणजे नरसाळं कसंही चालेल, खाली हवा कुठून येते ते आधी बघ.

हे वाक्य मला नीट कळायला काही आठवडे गेले. डाळ मिलमध्ये बऱ्याच ठिकाणी ब्लोअर सायक्लोनच्या आधी असतो. तो हवा आत ढकलतो. खाली पोतं बांधलं, गाठ थोडी सैल राहिली, तरी हवा बाहेर फुसफुसते, धूळ दिसते, हमाल गाठ आवळतो. बाकी ठिकाणी खाली फिरती झडप असते, ती माल सोडते पण हवा अडवते. आपल्या सुतारखान्यात ब्लोअर सायक्लोनच्या नंतर असतो. तो हवा ओढतो, त्यामुळे पिंपातसुद्धा ओढ असते. फट असली तर बाहेर काहीच येत नाही, बाहेरची हवा गुपचूप आत जाते. आणि जाते कुठे? सायक्लोनच्या मधोमध जो वर चढणारा भोवरा असतो, थेट त्याच्यात. जाताना पिंपात उतरलेला बारीक भुसा उचलून घेते आणि ब्लोअरमधून त्याच्या पुढच्या फिल्टरवर नेऊन टाकते. जमिनीवर धुळीचा कण नाही, आवाज नेहमीचा, पिंपही भरतंय, आणि तरी फिल्टर दाट होत चाललाय. बघणारा म्हणतो, शंकूचं माप चुकलं. माप बरोबर असतं. झाकणाला काडीएवढी फट असते.

म्हणून झाकणावर मी जितका जीव लावलाय तितका यंत्राच्या दुसऱ्या कुठल्याही भागावर नाही. सुरुवातीला निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, तेच जे शेतात फवारणीच्या पाण्याला वापरतात. झाकण १८ मिलिमीटरच्या प्लायचं, कडेला खोबण पाडून त्यात फोमची पट्टी. दिवाळीच्या सुमाराला जे जे विचारत त्यांना मी हेच पिंप घ्यायला सांगत होतो. हलकं, गंजत नाही, भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतं. हिवाळाभर काही तक्रार नव्हती.

मग उन्हाळा आला, आणि त्याने माझं मत बदललं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहूनही जास्त. फोमची पट्टी दबून कागदासारखी झाली, तिचा गोंद सुटून खाली ओघळला. पिंपाची कड गोल राहिली नाही, थोडी अंड्यासारखी झाली. झाकण वरून पाहिलं तर घट्ट बसलेलं. फिल्टर मात्र पूर्वी जितका महिन्यात भरायचा तितका दोन दिवसांत भरू लागला. आता मी कुणालाही प्लॅस्टिकचं पिंप सांगत नाही, निदान खान्देशात तरी नाही. नाशिककडे कदाचित चालेल.

आता लोखंडी ड्रम आहे, २०० लिटरचा, वरून पूर्ण उघडणारा, कडीची रिंग आवळून बंद होणारा. घेताना रिंग आणि कड दोन्ही तपासा, चेपलेली कड ठोकून कधीच सरळ होत नाही. फोमच्या जागी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून बसवली. रबर उन्हात दबतं पण परत उठतं, आणि पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतं. दोन एचपीच्या ब्लोअरची ओढ पाण्याच्या आठ इंचांएवढी (नळीत पाणी आठ इंच वर खेचेल इतकी) धरली तरी ड्रमच्या झाकणावर सुमारे ५० किलोचा दाब येतो. हा दाब इथे आपल्या कामी येतो, कारण तोच झाकणाला ट्यूबवर घट्ट बसवतो. फक्त झाकण मधे वाकता कामा नये. मी आतून दोन पट्ट्या आडव्या मारल्या आहेत.

फट शोधायची एक रीत सांगतो. ड्रम पूर्ण रिकामा करून, आजूबाजूचा भुसा झाडून घ्या. रात्री शेडमधले दिवे बंद करा, पेटती टॉर्च ड्रममध्ये ठेवून झाकण लावा आणि बाहेरून फिरून बघा. उजेड दिसला तिथे हवा जाते. शंकूच्या शिवणीवर, नटबोल्टच्या भोकांवर, ब्लोअरच्या पट्टीवर, सगळीकडे. उजेड न दिसणाऱ्या वाकड्या फटी उदबत्तीने सापडतात. ब्लोअर चालू ठेवून उदबत्ती सांध्याजवळ फिरवा, धूर आत वळला की फट. उदबत्ती भुशाने भरलेल्या ड्रमजवळ मात्र कधीही नेऊ नका. बारीक भुसा ठिणगी धरून तासन्‌तास आतल्या आत धुमसतो आणि रात्री शेड पेटवतो.

ड्रम भरून वाहू न देणं हाही त्याच मुद्द्याचा भाग. भुसा शंकूच्या तोंडाला टेकला की पुढचा सगळा माल थेट फिल्टरवर जातो. बाजूला अॅक्रिलिकची खिडकी लावली होती, ती आतून भुशाने माखून आंधळी झाली. आता माझा मदतनीस बोटाने ड्रम वाजवतो. पोकळ आवाज कुठपर्यंत येतो त्यावरून कळतं, आणि पाऊण भरला की रिकामा करतो. बारीक भुशाने भरलेला ड्रम एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, खाली चाकं लावा. सागवानाचा भुसा शेजारचे कोंबड्यांखाली टाकायला नेतात. एमडीएफचा आणि प्लायचा मी कुणाला देत नाही, त्यात राळ असते, चुलीतही घालू नये.

पाईपबद्दल थोडक्यात. आपल्याकडे शेतीचा पीव्हीसी पाईप गल्लोगल्ली मिळतो, त्यामुळे तोच वापरला, १६० मिलिमीटरची मुख्य लाईन आणि ११० च्या फांद्या. मशीनचं तोंड १०० मिलिमीटरचं असतं, ते ११० च्या पाईपात सैल बसतं. तिथेही ट्यूबची पट्टी गुंडाळली. काटकोनी एल्बो वापरू नका, ४५ अंशाचे दोन जोडा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पाईपला हात लागला की झटका बसायचा. उघडी तांब्याची तार पाईपवरून नेऊन अर्थिंगला जोडली, तेव्हापासून बराच फरक आहे.

आता ज्या गोष्टीत सायक्लोनकडून जास्त अपेक्षा ठेवू नये ती. छिलपं आणि भुसा जवळजवळ सगळा पिंपात जातो, पण सँडरची पीठासारखी धूळ पूर्ण थांबत नाही. १० मायक्रॉनच्या खालचा कण डोळ्याला दिसत नाही आणि छातीत जातो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, विशेषतः नाकाच्या पोकळीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात नोंदवलेलं आहे. आपल्याकडे मिस्त्री तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाने ही धूळ अडत नाही. सँडिंग करताना मी आणि माझी माणसं एन-९५ लावतो, सायक्लोन चालू असतानासुद्धा. माझ्याकडे काम शिकायला येणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची आहेत, त्यांना अजून चाळीस वर्षं या धंद्यात काढायची आहेत. पैसे वाचवायचे तर पत्र्यात वाचवा, फिल्टरमध्ये आणि मास्कमध्ये नको.

फिल्टरच नको, हवा सरळ बाहेर सोडू, हा विचार मीही केला. आपल्या शेडमध्ये एसी नसतो, त्यामुळे गार हवा वाया जायचा प्रश्न नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तसं चालवलंही. पण मार्चपासून शेजारच्या गच्चीवर कुरडया, बिबडे, पापड वाळत पडतात. काकूंनी एकदा ताटात आणून दाखवलं, पांढऱ्या कुरडईवर सागवानाचा पिवळसर थर. त्या काही बोलल्या नाहीत, पण मी त्याच दिवशी हवा परत फिल्टरवर वळवली. घड्यांचा मोठा कार्ट्रिज फिल्टर आहे, ब्लोअरच्या पुढे.

त्या फिल्टरच्या आधी, ब्लोअरकडच्या बाजूला, गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप बसवली आहे. इंग्रजी यू आकारात वाकवून, अर्धी रंगीत पाण्याने भरून, एक टोक पाईपात आणि एक उघडं. फिल्टर स्वच्छ असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात सव्वा इंचाचा फरक असतो. फरक तीन इंचांवर गेला की फिल्टर झटकायचा. हा फरक किती दिवसांत वाढला ते मी फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. हळूहळू वाढला तर भुसा वाढलाय, काम जास्त झालंय. दोन-चार दिवसांतच वाढला तर फिल्टरला हात न लावता आधी रिंग सोडतो आणि ट्यूब तपासतो. गेल्या आठवड्यात तसंच झालं. ट्यूबच्या जोडावर एक छिलपी अडकली होती, ती काढली, रिंग आवळली, फिल्टर झटकला. पाणी परत सव्वा इंचावर आहे.