युरो रेस्क्यू अ‍ॅप: गाडी कुठे कापायची नाही ते सांगणारं फुकट अ‍ॅप

आधीच सांगून टाकतो, हे अ‍ॅप तुम्हाआम्हाला रोज लागणारं नाहीये. मी स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहतो, दिवसभर ऑफिसात लॅपटॉप बडवतो आणि गेली चार वर्षं गावच्या फ्रायविलिगे फॉयरवेअरमध्ये आहे, म्हणजे बिनपगारी फायर ब्रिगेड. आईला हे अजून पचलेलं नाही, "एवढं शिकून बंबावर लटकतोस होय रे" असं दर रविवारी फोनवर ऐकावं लागतं. पण जर्मनीत मोठी शहरं सोडली तर आग विझवायला येणारे असेच असतात, कोणी सुतार, कोणी शिक्षक, देशभरात मिळून दहा लाखाच्या आसपास. पेजर वाजला की ताटावरून उठून पळायचं.

तर अ‍ॅप. अपघातात आत अडकलेल्या माणसाला आम्ही गाडी कापून बाहेर काढतो, तेव्हा लागणारं. युरो एनकॅप, म्हणजे नव्या गाड्या आपटून स्टार देणारे ते लोक, त्यांनी आणि सीटीआयएफ नावाच्या फायर ब्रिगेडवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून 2020 ला काढलं. अँड्रॉइड आयफोन दोन्हीवर फुकट, सुरुवातीला चारच भाषा होत्या, आता युरोपातल्या बऱ्याच आल्यात. कंपनी निवडायची, मॉडेल निवडायचं, साल बघायचं, की त्या गाडीचा नकाशा समोर. आणि सगळ्यात भारी म्हणजे हे नकाशे, म्हणजे रेस्क्यू शीट, आधी डाउनलोड करून ठेवता येतात, नेट लागत नाही, हायवेच्या बोगद्यात किंवा जंगलातल्या वळणावर रेंज कुठली मिळायला.

नकाशा म्हणजे काय तर गाडीचं वरून आणि बाजूने काढलेलं चित्र, त्यात एअरबॅग कुठे, त्यांच्या गॅसच्या नळकांड्या कुठे, सीटबेल्ट खेचणारी स्फोटकं कुठे, कडक पोलाद कुठे घातलंय, आणि इलेक्ट्रिक असेल तर हाय व्होल्टेज बॅटरी आणि केबल भगव्या रंगात. खालच्या पानांवर गाडी ओळखायची कशी, जागेवर बांधायची कशी, करंट बंद कसा करायचा, आग लागली तर काय, पाण्यात बुडाली तर काय, टोइंगला न्यायची कशी. हा क्रम आयएसओ 17840 या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलाय, त्यामुळे फ्रेंच गाडी असो की कोरियन, आगीचं पान सहाव्या नंबरलाच सापडतं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण रात्री अडीच वाजता हातमोजे घालून पावसात फोन पुसत असताना हे केवढं मोठं काम आहे ते मला विचारा.

मला अ‍ॅपची किंमत कळली ती एका गुरुवारी, सरावाला. एका गॅरेजवाल्याने बॅटरी काढून घेतलेली, ठोकलेली इलेक्ट्रिक हॅचबॅक दिली होती कापायला. मी हायड्रॉलिक कटर उचलला, छत पेलणाऱ्या मागच्या खांबाला लावला, जबडा मिटवणार तेवढ्यात आमचा ग्रुपफ्युरर, म्हणजे तुकडीचा प्रमुख, जोरात ओरडला, हाल्ट! मग शांतपणे टॅब्लेट माझ्या तोंडासमोर धरला. मी जिथे जबडा लावला होता बरोब्बर तिथे पडदा एअरबॅगची (खिडकीवर पडद्यासारखी उघडते ती) गॅसची नळकांडी दाखवली होती. दाबाखालचा गॅस. आतलं अस्तर ओढून बघितलं तर खरंच बोटाएवढ्या जाडीची चकचकीत नळी, चित्रात होती त्याच जागी. चार बोटं खाली सरकून कापलं. त्या दिवसापासून मी अस्तर सोलल्याशिवाय आणि शीट बघितल्याशिवाय कटर लावत नाही.

इलेक्ट्रिक गाडीची अजून एक गंमत म्हणजे आवाज नाही. ठोकलेली गाडी चालू आहे की बंद, कळतच नाही, आणि तुम्ही पुढे उभे असताना ती निघू शकते. म्हणून आधी चाकाला ठोकळे, पार्किंगचं बटण, चावी पाच मीटर लांब नेऊन ठेवायची. मग ते कट लूप. टेस्लाच्या गाड्यांना पुढच्या बॉनेटखाली वायरीचं एक वेटोळं असतं, लेबल लावलेलं, फायर ब्रिगेडने कापावं म्हणूनच ठेवलेलं. त्यांच्या पुस्तिकेत लिहिलंय की दोनदा कापा, मधला तुकडाच काढून टाका, नाहीतर दोन टोकं चुकून परत चिकटतील. कोणीतरी नीट विचार करून लिहिलेलं वाक्य आहे. तरीही लक्षात ठेवा, लूप कापल्यावर एअरबॅगच्या यंत्रणेत साधारण दहा सेकंद आणि हाय व्होल्टेज वायरिंगमध्ये दोन मिनिटं करंट राहतो, आणि बॅटरीच्या पेटीच्या आत तर तो कायमच असतो, तो कुठल्याही लूपने जात नाही.

आता आगीचं. इथे कंपन्यांबद्दल माझी थोडी तक्रार आहे. पेट्रोलची गाडी फेस मारून पंधरावीस मिनिटांत आटपते, बॅटरी पेटली तर पेटीच्या झाकणावर पाणी मारून आतल्या सेलना काही होत नाही, एक सेल शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. टेस्लाच मॉडेल 3 च्या पुस्तिकेत 3,000 ते 8,000 गॅलन पाणी लागेल म्हणते, म्हणजे 11 ते 30 हजार लिटर. आमच्या बंबाची टाकी 2,000 लिटरची. करा हिशोब. वर विझल्यावरही लक्ष ठेवत राहा आणि गाडी बाकी सगळ्यापासून 15 मीटर लांब ठेवा. हे उगाच नाही, 2018 ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला एक मॉडेल एक्स आदळली होती, तिची बॅटरी टोइंगवाल्याच्या यार्डात पाच दिवसांनी परत पेटली. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा अपघातांवर जानेवारी 2021 मध्ये रिपोर्ट काढला, त्यात स्पष्ट म्हटलंय की कंपन्यांच्या पुस्तिका या बाबतीत अपुऱ्या आहेत, आणि 22 कंपन्यांना त्या सुधारा म्हणून सांगितलं. मी स्वतः अशी एक शीट बघितलीय (कंपनीचं नाव नको) जिच्यात आगीच्या रकान्यात फक्त 'भरपूर पाणी वापरा' एवढंच. अरे वा! आम्ही दूध वापरणार होतो.

याउलट रेनो. यांनी बॅटरीच्या पेटीलाच एक भोक ठेवलंय, त्यावर चिकटवलेली चकती, होजचं पाणी जोरात मारलं की चकती सुटते आणि पाणी थेट सेलपर्यंत जातं. फायरमन अ‍ॅक्सेस म्हणतात. तासन्‌तासचं काम मिनिटांवर येतं असं कंपनी म्हणते आणि यामागचं तत्त्व मला तरी पटतं, कारण आमचं सगळं रडगाणंच झाकणाचं आहे. काचेवर क्यूआर कोड पण लावतात, स्कॅन केला की शीट. आणि यांनी फायर ब्रिगेडमधला माणूसच पगारावर ठेवलाय, त्याचा परिणाम दिसतो, 2025 मध्ये या भोकाचं पेटंट बाकी कंपन्यांना पण फुकट वापरू दिलं. क्यूआरचं श्रेय खरं मर्सिडीजला, 2013 पासून इंधनाच्या झाकणाच्या आत आणि विरुद्ध बाजूच्या मधल्या खांबावर, कारण दोन्ही बाजू एकदम चेपत नाहीत सहसा.

अ‍ॅपची एक मर्यादा आहे, मॉडेल तुम्हाला ओळखता यायला हवं. जळून कोळसा झालेल्या गाडीवर नाव कुठे वाचणार. जर्मनीत यावर तोडगा आहे, नंबर प्लेट कंट्रोल रूमला सांगितली की ते सरकारी रजिस्टरमधून नेमकं मॉडेल काढून देतात, आणि इलेक्ट्रिकच्या प्लेटच्या शेवटी ई असतो. प्लेट पण वितळली तर मग बाबा तुझं नशीब.

मागच्या डिसेंबरात पुण्याला गेलो होतो. धाकट्या भावाने इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, हिरवी प्लेट बघून बरं वाटलं, निदान लांबून कळतं की ही बॅटरीवाली. अ‍ॅप युरोपातल्या गाड्यांसाठी असल्यामुळे त्याची गाडी त्यात नव्हतीच, म्हणून सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा शोरूममध्ये विचारलं, रेस्क्यू शीट मिळेल का, अपघातात फायर ब्रिगेडला दाखवायला. काउंटरवरचा पोरगा गोड हसला, "सर, झीरो डेप इन्शुरन्स आहे ना तुमचं, मग कशाला टेन्शन घेता." लोहगावला 2022 मध्ये रस्त्याच्या कडेला स्कूटर पेटलेली सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली होती, त्याला आठवण करून दिली, तर म्हणाला ती स्कूटर होती सर.

माझ्याकडून 5 पैकी 4.5. अर्धा मार्क हातमोज्यांत झूम होत नाही म्हणून कापला, तो खरं तर फोनचा दोष. युरोपात राहत असाल तर फायर ब्रिगेडमध्ये नसलात तरी आपल्या गाडीची शीट काढा, रंगीत प्रिंट मारा आणि ड्रायव्हरच्या सनशेडमागे खोचा, इथे आम्ही आधी तिथेच हात घालतो. माझ्या बायकोने तिथे पार्किंगच्या पावत्या कोंबल्या होत्या, काढायला लावल्या.