शेवटच्या तारखेची गर्दी पेलणारा क्लाउड: सरकारी कार्यालयांसाठी परीक्षण

अर्जाची मुदत महिनाभराची असली तरी लोंढा येतो तो शेवटच्या दोन दिवसांत. तेवढ्यासाठी स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये यंत्रं घेऊन ठेवली, तर ती उरलेलं वर्षभर नुसती वीज आणि एसी खातात. क्लाउडवर, म्हणजे पुरवठादाराच्या डेटा सेंटरमधून इंटरनेटवरून भाड्याने, सर्व्हर तासांच्या हिशेबाने वाढवता येतात आणि गर्दी ओसरली की परत करता येतात. सरकारी कामासाठी ही सेवा घ्यायची ती मुख्यतः याच कारणासाठी.

पण ‘ऑटोस्केलिंग’ची (गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवण्याच्या सोयीची) खूण करून निवांत बसू नका. सीपीयूचा वापर ७० टक्क्यांवर गेल्यावर नवा सर्व्हर मागवायचा असं ठरवलं, तरी तो उभा राहून कामाला लागेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि साइट नेमकी तेव्हाच झोपते. तारीख आधीच माहीत असते, त्यामुळे सकाळीच वेळापत्रकाने सर्व्हर वाढवून ठेवावेत. खरी गंमत पुढे आहे. अर्जांची माहिती ठेवणारा पोस्टग्रेस डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १०० जोडण्या देतो. प्रत्येक वेब सर्व्हर २० जोडण्या धरून बसला, तर पाचव्या सर्व्हरलाच कोटा संपतो. सहावा सर्व्हर फक्त चुकांचे संदेश दाखवतो आणि खापर क्लाउडवर फुटतं. मध्ये कनेक्शन पूलर (मोजक्या जोडण्या सगळ्या सर्व्हरना आलटून पालटून देणारा प्रोग्राम) बसवला की हे सुटतं.

दुसरा मोठा फायदा बॅकअपचा. आग, पूर किंवा रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तरी दूरच्या डेटा सेंटरमधली प्रत शाबूत राहते. मात्र रेप्लिकेशन (डेटाची दुसरीकडे सतत होणारी हुबेहूब नक्कल) म्हणजे बॅकअप नव्हे: इथे चुकून तक्ता पुसला की दुसरीकडेही तो काही क्षणांत पुसला जातो. ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच, ॲडमिनलाही, पुसता येणार नाही अशी कुलूपबंद प्रत वेगळ्या क्लाउड खात्यात ठेवावी आणि तिमाहीत एकदा ती खरोखर रिस्टोअर करून पाहावी. संग्रहासाठीचं स्टोरेज स्वस्त असतं खरं, पण अगदी तळाच्या स्तरावरून फाइल परत मिळायला बारा तासही लागू शकतात. रोज लागणाऱ्या संचिका तिथे टाकू नयेत.

खर्चाबाबत जाहिरातींवर विसंबू नये. आठवड्यात १६८ तास असतात. चाचणीचे सर्व्हर रोज दहा तास, पाच दिवस लागत असतील, तर ५० तासच चालवावेत. सर्व्हरच्या भाड्यात सुमारे ७० टक्के बचत होते. बंद सर्व्हरच्या डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं, आणि विसरलेले स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या वेळच्या प्रती) बिल फुगवतात. शिवाय यंत्रखरेदी हा एकदाचा भांडवली खर्च, तर क्लाउडचं देयक महिन्यागणिक बदलतं. तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली करायची हे लेखा शाखेशी आधी न ठरवल्यास पहिल्याच वर्षी देयकं अडकतात.

९९.९ टक्के उपलब्धतेची हमी ऐकायला भारी वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात तिचा अर्थ ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ती ४३ मिनिटं शेवटच्या संध्याकाळी आली, तरी भरपाई म्हणून बहुधा बिलात थोडी सूट मिळते, मुकलेला अर्ज काही मिळत नाही. मुदतवाढीचा नियम कार्यालयानेच आधी करून ठेवलेला बरा.

सुरक्षेत इमारत, वीज आणि हार्डवेअर ही पुरवठादाराची बाजू. कुणाला काय दिसावं हे ठरवणं कार्यालयाचं काम. ओळखपत्रांच्या स्कॅनचा फोल्डर ‘सार्वजनिक’ राहिला, तर दोष पुरवठादाराचा नाही. घड्याळही तपासा: सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, त्यामुळे यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात रात्री बाराला बंद व्हायचा फॉर्म पहाटेपर्यंत उघडा राहतो.

निविदेत बाहेर पडण्याचं कलम हवंच. डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल आणि बाहेर नेण्याचं शुल्क कोण भरेल, हे त्यात लिहून घ्यावं. १० टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, उतरवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. कराराची शेवटची तारीख ठरवताना हे दिवस धरावेत.